डॉक्टर पडद्यावर, हात मात्र आपले

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टर भेटतात, बोलतात, पण समाधान होत नाही. दोष दर वेळी नेटवर्कचा किंवा डॉक्टरांचा नसतो. दवाखान्यात डॉक्टर नाडी पाहतात, पोट दाबून बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहतात. पडद्यावर यातले बरेचसे काम आपल्याला करून द्यावे लागते आणि ते कसे करायचे हे कुणी सांगितलेले नसते. म्हणून काही उत्तरे लांबली आहेत. ती सावकाश वाचा आणि घरात कुणी आजारी असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

ई-संजीवनीवर मी दोनदा टोकन घेतले, पण डॉक्टर आलेच नाहीत. या सेवेला पैसे लागतात का? आशाताई म्हणतात, उपकेंद्रातही हीच सोय आहे. मग घरून करावे की तिथे जावे?
– एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती

पैसे अजिबात लागत नाहीत. ई-संजीवनी ही फोनवरून, व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सेवा आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मोहाली केंद्राने ती तयार केली. २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांतून सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरूनही वापरता येऊ लागली.

घरून वापरताना क्रम असा : ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक टाका, आलेला ओटीपी भरा, रुग्णाचे नाव आणि वय लिहा, त्रास थोडक्यात लिहा, जुने रिपोर्ट जोडा आणि ओपीडी निवडून टोकन घ्या. चुका दोन ठिकाणी होतात. एक म्हणजे, टोकन मिळाले की लोक फोन खिशात ठेवून कामाला लागतात. टोकनचा अर्थ फक्त रांगेत नंबर लागला एवढाच. आपली पाळी आली की पडद्यावरचे कॉलचे बटण सुरू होते आणि ते आपल्यालाच लगेच दाबावे लागते. ॲप बंद असेल किंवा फोन झोपला असेल, तर पाळी निघून जाते. दुसरे म्हणजे, ओपीडीच्या वेळा ठरलेल्या असतात. वेळ संपत आल्यावर टोकन घेतले तर नंबर येण्याआधीच ओपीडी बंद होते. ओपीडी उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात टोकन घ्या. आईसाठी सल्ला हवा असेल तर नाव आणि वय आईचेच लिहा. चिठ्ठी त्याच नावाने येते आणि औषधाची मात्राही वयानुसार ठरते.

उपकेंद्राचा, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराचा मार्ग वेगळा आहे. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी (गावात त्यांना सीएचओ म्हणतात) तुमचे बीपी, वजन, ताप, साखर, हिमोग्लोबिन तपासून आकडे भरतात आणि त्यांच्या टॅबवरून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांशी जोडून देतात. तुमच्या शेजारी एक प्रशिक्षित माणूस बसलेला असतो, हा याचा मोठा फायदा. डॉक्टरांनी सांगितले की सीएचओ पायाची सूज दाबून पाहतात आणि सांगतात. नेहमीची बरीच औषधेही तिथल्या तिथे मिळतात.

तुम्ही विचारलेच म्हणून स्पष्ट सांगतो : नवा त्रास असेल, रुग्ण म्हातारा असेल किंवा लहान मूल असेल, तर उपकेंद्रात जा. जुना, ठरलेला आजार असेल आणि फक्त रिपोर्ट दाखवून गोळ्या पुढे चालू ठेवायच्या असतील, तर घरून करा. निघण्याआधी आशाताईंना फोन करा. लसीकरणाच्या किंवा गृहभेटीच्या दिवशी सीएचओ बाहेर असतात आणि पायपीट फुकट जाते.

व्हिडिओ सुरू झाला की आवाज तुटतो, कधी चित्र थांबते. गावात एकाच कोपऱ्यात रेंज आहे. काय करावे?
– एक वाचक, ता. कोरची, जि. गडचिरोली

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा, हे पहिले. चित्र अडकू लागले की आपला कॅमेरा बंद करा आणि बोलणे चालू ठेवा. डॉक्टरांना काही दाखवायचे असेल तेव्हा दहा सेकंदांसाठी कॅमेरा सुरू करा. मार्च २०२० च्या दूरवैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत व्हिडिओ, नुसता आवाज आणि लेखी संदेश अशा तिन्ही पद्धतींना मान्यता आहे. मात्र काही औषधे पहिल्याच भेटीत द्यायची असतील, तर व्हिडिओ लागतो.

कॉलच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच जागी उभे राहून कुणालातरी व्हिडिओ कॉल करून बघा. सकाळी चालणारी रेंज संध्याकाळी चालेल याची खात्री नाही, कारण तेव्हा सगळा गाव फोनवर असतो. डेटा किमान दोनशे एमबी शिल्लक असू द्या. फोन पूर्ण चार्ज करा, विजेचा भरवसा धरू नका. दोन सिमच्या फोनमध्ये मधेच दुसरा फोन आला की व्हिडिओ तुटतो, म्हणून दुसरे सिम तेवढ्यापुरते बंद ठेवा. कडुलिंबाखाली रेंज चांगली असली तरी वाऱ्याचा आवाज डॉक्टरांच्या कानात भरतो. तारेचा साधा इअरफोन लावला तर यातला बराच त्रास जातो. उजेड तोंडावर हवा, पाठीमागे नको. दाराकडे पाठ करून बसले की चेहरा काळा दिसतो, आणि मग फिकटपणा, कावीळ, ओठांचा निळेपणा यातले काहीच कळत नाही.

सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून ठेवा : "फोन तुटला तर तुम्ही करणार की मी?" आणि पहिल्या मिनिटात त्रास सांगा. पाहुण्यांशी बोलल्यासारखी सुरुवात केली तर मूळ गोष्ट राहून जाते.

बाबांचे वय ६२. बीपीची गोळी चालू आहे. घरी मशीन आणले, पण एकदा १६०, लगेच १३८ असे काहीही दाखवते. फोनवर डॉक्टर म्हणाले, "आकडे विश्वासाचे नाहीत." मशीन बदलावे का?
– एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

मशीनच्या आधी मोजण्याची पद्धत बदला. शेतातून आल्या आल्या, चहा घेऊन किंवा खर्रा तोंडात धरून मोजलेले बीपी जास्तच येणार. तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आखडवते, म्हणून मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही, बिडी नाही. लघवी करून यायचे. पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर पाच मिनिटे न बोलता बसायचे. खाटेच्या काठावर नको, पाय लोंबकळत नकोत, पायावर पाय नको. दंड उघडा ठेवायचा. सदऱ्याची बाही वर गुंडाळून तिचाच फास बसवायचा नाही. पट्टा कोपराच्या दोन बोटे वर बांधायचा आणि हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या पातळीवर येईल. हात खाली लोंबत असेल तर आकडा फुगतो.

मग दोनदा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटे थांबा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्या आकड्यांची सरासरी डॉक्टर पाहतात. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या वर असेल, तर औषधाचा विचार करावा लागतो. दवाखान्यातली १४०/९० ही रेषा घरच्या आकड्यांना लावू नका.

पट्ट्याचे मापही पाहा. बहुतेक मशीनसोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. बाबांचा दंड जाड असेल तर तो पट्टा आकडा जास्त दाखवणार, त्यांना मोठा पट्टा लागेल. मनगटावरची मशीन घेऊ नका. एकदा हे मशीन उपकेंद्रात नेऊन तिथल्या मशीनशेजारी तपासून घ्या. नाडी अनियमित असेल तरही मशीन गडबडते, हे डॉक्टरांना सांगा.

फोनच्या वेळी गोळ्यांची पाकिटे समोर ठेवा. "पांढरी गोळी, छोटीवाली" याने काही कळत नाही, नाव आणि मिलिग्रॅम वाचून सांगा. आणखी एक गोष्ट सहसा लपून राहते : अंग दुखते म्हणून मेडिकलमधून घेतलेली दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. हंगामात बाबा त्या घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात जडपणा किंवा एका बाजूची कमजोरी असेल, तर व्हिडिओची वाट न पाहता १०८ लावा. त्रास काहीच नसेल तर पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

माह्या मायले सात वर्षांपासून शुगर हाये. डॉक्टर फोनवर आकडा इचारते. आमी सांगतो, त् म्हणते लॅबचा आन् तुमचा आकडा जुळत नाही. स्ट्रिपा महाग हायेत. कसं कराव?
– एक वाचक, ता. बाळापूर, जि. अकोला

घरचा आणि लॅबचा आकडा थोडा वेगळा येणारच. साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक धरून चालावे लागते : लॅबमध्ये २०० आली तर घरी १७० ते २३० येऊ शकते. फरक त्याहून मोठा असेल तर कारण शोधा. आपल्या विदर्भात सगळ्यात आधी उन्हावर संशय घ्यावा. स्ट्रिप ३० अंशांच्या आत ठेवायची असते आणि अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. टिनाखालच्या खोलीत, खिडकीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेल्या स्ट्रिप तारखेच्या आतही बिघडतात. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खालच्या फडताळात, मूळ डबीत ठेवा आणि स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावा. फ्रिजमध्ये किंवा माठाशेजारी ठेवू नका, ओलाव्यानेही त्या खराब होतात.

दुसरे कारण बोट. गूळ, संत्रे, केळे हाताळून तसेच टोचले तर साखर खोटीच वाढलेली दिसते. सॅनिटायझर नको. साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. थेंब पिळून काढू नका, हात खाली सोडून मनगटाकडून बोटाकडे हलके चोळा.

स्ट्रिप महाग आहेत हे खरेच आहे, म्हणून उगाच रोज तपासण्यापेक्षा हिशेबाने तपासा. गोळ्यांवर असलेल्या आणि साखर स्थिर असलेल्या माणसाला फोनच्या आधीच्या आठवड्यात तीन दिवस, दिवसाला दोन, एवढे आकडे बहुधा पुरतात : सकाळी उपाशीपोटी आणि जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी. इन्सुलिन चालू असेल तर मात्र जास्त वेळा लागते, किती ते डॉक्टर ठरवतील. प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि काय खाल्ले ते लिहा. वेळ न लिहिलेल्या आकड्यावरून डोस ठरवता येत नाही.

तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी केली असेल तर एक सूचना. घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, मायले सिकलसेलचा वाहक सांगितले असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर हा आकडा फसवू शकतो. फोनवरच्या डॉक्टरांना हे माहीत असणार नाही, तुम्हीच सांगा.

साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हातपाय थरथरले तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, फोन त्यानंतर. माय शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.

जांघेत आणि कमरेला नायटा आहे. व्हिडिओवर डॉक्टरांना नीट दिसले नाही, लाजही वाटते.
– एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

व्हिडिओपेक्षा फोटो चांगला. दिवसा, सावलीत, फ्लॅश बंद करून तीन फोटो काढा : एक दुरून, म्हणजे जागा कळेल; एक वीतभर अंतरावरून; आणि एक शेजारी रुपयाचे नाणे धरून, म्हणजे आकार कळेल. आधी मलम, हळद, पावडर धुऊन कोरडे करा. फोटो ॲपमधूनच पाठवा, कुणाच्या ग्रुपवर जाणार नाही हे पाहा. लाजेचे म्हणाल तर स्त्री किंवा पुरुष डॉक्टर मागायला काहीही हरकत नाही.

आतापर्यंत लावलेल्या ट्यूबचे नाव मात्र नक्की सांगा. मेडिकलमधून मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, नायटा आतून पसरत राहतो आणि त्याची गोल कडाही बदलून जाते, म्हणून फोटो पाहूनही डॉक्टर चकतात.

पण डाग फिकट किंवा लालसर असेल, खाजत नसेल आणि तिथे स्पर्श कमी कळत असेल, तर तो फोटोवर सोडू नका. कुष्ठरोग आहे का हे ठरवण्यासाठी डागावरची संवेदना आणि नसा हाताने तपासाव्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

मुलगी १४ वर्षांची, सिकलसेल एसएस (आई-वडील दोघांकडून आलेला). हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. दर महिन्याला नागपूरला जाण्यात दोन दिवसांची मजुरी बुडते. हे फोनवर होऊ शकते का?
– एक पालक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

बरेचसे होऊ शकते, आणि व्हायला हवे. या आजारात औषध नियमित राहणे हीच अर्धी लढाई आहे, आणि ते बहुतेक वेळा प्रवासापायी तुटते. नागपूरच्या डॉक्टरांना सरळ विचारा : "कोणत्या भेटी फोनवर चालतील आणि कोणत्या प्रत्यक्षच हव्यात?" आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.

फोनवरच्या भेटीआधी दोन-तीन दिवस ग्रामीण रुग्णालयात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा. हायड्रॉक्सीयुरियामुळे पांढऱ्या पेशी (त्यातल्या न्यूट्रोफिल) आणि प्लेटलेट घसरू शकतात. त्या फार घसरल्या तर औषध काही दिवस थांबवावे लागते. रिपोर्ट न पाहता कुणी "तसेच चालू ठेवा" म्हणाले तर घाई करू नका. डोस वजनावर ठरतो, म्हणून त्याच आठवड्यातले वजन सांगा. वाढत्या वयात सहा महिन्यांत तीन-चार किलोंचा फरक पडतो आणि डोस मागे राहतो. डोस नुकताच बदलला असेल तर सीबीसी लवकर लागते.

एक वही ठेवा. दुखणे कोणत्या तारखेला उठले, कुठे, किती दिवस राहिले, शाळा किती बुडाली, दुखण्याच्या किती गोळ्या लागल्या, कॅप्सूल किती चुकल्या. "मधेमधे दुखते" यापेक्षा या वहीतले एक पान डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

काही गोष्टी पडद्यावर होत नाहीत. प्लीहा (डाव्या बरगडीखालची) हाताने चाचपावी लागते. आपल्या भागातल्या रुग्णांत ती मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते. प्रत्यक्ष भेटीत ती कशी चाचपायची हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. २ ते १६ वर्षे वयात वर्षातून एकदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, म्हणजे टीसीडी, करायची असते. पक्षाघाताचा धोका तीत आधी कळतो. ही तपासणी प्रत्यक्ष भेटीला जोडून घ्या.

ऑक्सिमीटर असेल तर मुलगी बरी असताना आकडा लिहून ठेवा. सिकलसेलमध्ये हे यंत्र अचूक नसते, म्हणून तिच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन किंवा जास्त घसरण झाली का, हे पाहायचे. मेंदी किंवा नखरंग लावलेल्या बोटावर लावू नका.

ताप १०१ फॅरनहाइटच्या वर, छातीत दुखणे किंवा धाप, अचानक पांढरी पडणे, पोट डाव्या बाजूने फुगणे, एका बाजूची कमजोरी, सहन न होणारी डोकेदुखी : यातले काहीही झाले तर फोनची वाट नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

दीड वर्षाचे बाळ, सर्दी-खोकला. व्हिडिओवर डॉक्टरांनी श्वास मोजायला सांगितले, जमले नाही.
– एक आई, ता. साकोली, जि. भंडारा

बाळ शांत असताना किंवा झोपेत मोजा. रडताना आणि दूध पिताना मोजलेले चालत नाही. झबले वर करून पोट पाहा. पोट एकदा वर आले की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळाचा श्वास सारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगाने चालला आहे. तुमच्या बाळासाठी रेषा ४० ची. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना बाळांची अशीच तपासणी शिकवून बालमृत्यू खाली आणले. त्यांचे नवजात बाळांवरचे काम १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तेव्हा हे आपल्याला जमणार नाही असे मनात आणू नका. आशाताईंना एकदा समोर बसवून मोजून घ्या.

डॉक्टर मुद्दाम झबले काढायला सांगतात. श्वास आत घेताना बरगड्यांखालची छाती खोल जाते का, हे त्यांना पाहायचे असते. छाती खोल जात असेल, बाळ पीत नसेल, सारखे उलटत असेल, झटके आले किंवा जागे करूनही जागे होत नसेल, तर व्हिडिओ बंद करून निघा. वजन अंगणवाडीच्या नोंदीतून घ्या, सिरपची मात्रा त्यावरच ठरते. घरात उरलेल्या जुन्या सिरपवरून "हेच देऊ का?" विचारत असाल तर बाटलीचा फोटो पाठवा, कारण एकाच नावात थेंब आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते.

रात्री कोणत्या त्रासात व्हिडिओवर वेळ घालवू नये?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

साप चावला किंवा चावल्याची शंका आली तर अजिबात नको. खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर खूण दिसली नाही तरी मण्यार धरून चला. तिची खूण बऱ्याचदा दिसत नाही. घोणस चावली असेल तर रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून गोठते का ते पाहावे लागते, ते पडद्यावर कसे होणार? चावलेला अवयव फळी लावून स्थिर ठेवा, अंगठी-पैंजण काढा, वेळ लिहा, आवळून बांधू नका, चिरू नका आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या.

फवारणीनंतर मळमळ, लाळ, घाम, अंधुक दिसणे, बाहुली बारीक होणे हेही तसेच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका आणि औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरांना बाटलीवरच्या, विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाच्या रंगापेक्षा घटकाचे नाव हवे असते.

छातीत दाब, तोंड वाकडे होणे, गरोदरपणी रक्तस्राव किंवा झटका, उन्हात भ्रम होऊन अंग तापणे हेही याच यादीत. १०८ ला गाव, तालुका आणि रस्त्यावरची खूण सांगा आणि फोन चालू ठेवा.

नवरा तीन महिन्यांपासून झोपत नाही, बोलत नाही. कर्ज आहे. दवाखान्यात यायला तयार नाही. फोनवर झोपेची गोळी मिळेल का?
– एक ताई, ता. मेहकर, जि. बुलढाणा

ताई, झोपेच्या अनेक गोळ्या फोनवर लिहून देण्यावर निर्बंध आहेत, आणि नुसत्या गोळीने हा प्रश्न सुटणारही नाही. १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. तुमचे पती तयार नसतील तरी तुम्ही स्वतः फोन करू शकता. पहिल्यांदा समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडतात. किती तास झोप, जेवण किती, दारू आहे का, "मी नसतो तर बरे" असे कधी म्हणाले का, हे सांगा.

त्यांना तुम्ही सरळ विचारू शकता : "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्यांना एकटे सोडू नका. फवारणीची औषधे आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा, किल्ली त्यांना सापडता कामा नये. हातात बाटली असेल किंवा काही घेतले असेल तर १०८.

फोनवरची चिठ्ठी मेडिकलवाल्याने घेतली नाही. दुसऱ्या वेळी अपॉइंटमेंटसाठी दहा रुपये भरायची लिंक आली.
– एक वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, रुग्णाचे नाव-वय आणि औषधाचे मूळ नाव असलेली डिजिटल चिठ्ठी चालते. मोबाइलवर नुसते टाइप केलेले औषधाचे नाव म्हणजे चिठ्ठी नव्हे, तशी नाकारली असेल तर दुकानदाराचे बरोबर आहे. ई-संजीवनीची चिठ्ठी ॲपमधून उतरवून दाखवा.

दहा रुपयांची ती लिंक उघडू नका. इंटरनेटवर शोधून मिळालेला दवाखान्याचा क्रमांक खोटा असू शकतो. भामटे छोटी रक्कम भरायला लावतात, एखादे ॲप टाकायला सांगतात आणि खाते रिकामे करतात. क्रमांक जुन्या केसपेपरवरून किंवा पावतीवरून घ्या. ओटीपी फक्त स्वतःच्या हाताने ॲपमध्ये भरा, फोनवर कुणालाही सांगू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. पहिल्या तासात कळवले तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.